गच्चीवरचं सोलर आणि अर्थिंग : सांगलीतल्या विश्रामबागच्या सोसायटी ग्रुपवर

सचिव : नमस्कार मंडळी. कॉमन मीटरसाठी १० किलोवॅट सोलरचं कोटेशन वर टाकलंय. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतील. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. हरकत असेल तर रविवारच्या मीटिंगआधी कळवा.

ए-१०४ : हरकत कशाला? उरकून टाका 👍

बी-३०२ : सचिवसाहेब, मी कोटेशन नीट वाचलं. पॅनेल आणि त्यांची वीज घरच्या लाइनसारखी करणारा इन्व्हर्टर, दोन्ही चांगले आहेत. पण अर्थिंगच्या, म्हणजे गळलेली वीज जमिनीत सोडायच्या जोडणीच्या ओळीत फक्त ‘पिट – ३ नग’ लिहिलंय. पिट म्हणजे जमिनीत रॉड पुरलेला खड्डा. पॅनेलच्या फ्रेमी खालच्या लोखंडी स्ट्रक्चरला कशा जोडणार, तिन्ही पिट आपसात जोडणार का, एक अक्षर नाही. हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

सी-२०१ : ताई, तीन पिट हायत म्हणजे झालं की. एक एसीचा म्हणजे घरच्या लाइनचा, एक डीसीचा म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या करंटचा, एक वीज पडली तर. माझ्या मेहुण्याकडं मिरजेला असंच केलंय.

बी-३०२ : काका, पिट लागतातच. पण नुसता पिट माणसाला वाचवत नाही. हिशेब बघा. समजा एसीची फेज वायर सोलून स्ट्रक्चरला लागली. आपल्या काळ्या मातीत पिटाचा रोध ५ ओहम इतका कमी मिळाला तरी २३० भागिले ५, म्हणजे फार तर ४६ अँपिअर जमिनीत जाणार. ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ४६ अँपिअरला लगेच पडत नाही, कधी कधी तासभर लागतो. तेवढा वेळ लोखंडात करंट. म्हणून गळका करंट ओळखून तोडणारा आरसीसीबी हवा, तोही इन्व्हर्टर कंपनीने सांगितलेल्या प्रकारचा. कोटेशनमध्ये तो नाही.

ए-१०४ : मग मेन स्विच बंद केला की झालं ना?

बी-३०२ : नाही दादा. ऊन असेपर्यंत पॅनेलमधून डीसी येतच राहतं. सहा-सात पॅनेल एका ओळीत जोडली की ३०० व्होल्टच्या आसपास होतं. शिवाय डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

डी-४०३ : ताई, फ्रेम लोखंडी स्ट्रक्चरवर नटबोल्टने आवळलेलीच असते. ती आपोआप अर्थ होत नाही का?

बी-३०२ : फार चांगला प्रश्न. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. क्लॅम्प कितीही आवळा, खाली संपर्क होईलच असं नाही. म्हणून तो थर कापणारे दातेरी वॉशर वापरायचे, नाहीतर फ्रेमला अर्थिंगची खूण असलेलं भोक असतं तिथून प्रत्येक पॅनेलची हिरवी वायर घ्यायची. तांब्याचा उघडा लग (वायरच्या टोकाला लावायची चकती) थेट ॲल्युमिनियमवर नको. पावसाच्या पाण्यात दोन धातूंचा जोड खातो, वरून ठीक दिसतं आणि आत तुटलेलं असतं. कल्हई केलेला लग आणि स्टेनलेसचे बोल्ट मागा.

सी-२०१ : आणि पिट आपसात जोडायचे म्हणता, मग वीज पडल्यावर ती इन्व्हर्टरमध्ये घुसणार नाही का? ठेकेदार म्हणाला वेगळेच ठेवायचे.

बी-३०२ : ही भीती सगळ्यांनाच वाटते, पण होतं उलट. वळवात वीज पडली की अरेस्टरच्या, म्हणजे पडणारी वीज झेलून जमिनीत नेणाऱ्या दांड्याच्या पिटाभोवतीची जमीन क्षणात हजारो व्होल्टवर जाते. बाकीचे दोन पिट खालीच राहिले तर तो फरक कुठून तरी भरून निघतो. भिंतीतून, केबलमधून किंवा तुमच्या इन्व्हर्टरमधून. सगळे पिट जमिनीखालून पट्टीने जोडले तर सगळं एकदम वर जातं, एकदम खाली येतं. पुराच्या पाण्यात दोराने एकमेकींना बांधलेल्या नावांसारखं. अरेस्टरची खाली येणारी पट्टी मात्र गच्चीपासून स्वतंत्रच आणायची, पॅनेलच्या वायरीबरोबर नाही. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण), आणि त्यांची अर्थ वायर शक्य तितकी आखूड.

डी-४०३ : आणि तपासायचं कसं?

बी-३०२ : मल्टिमीटरने नाही. जमिनीत खुंट्या ठोकून अर्थ टेस्टरने, आपल्यासमोर. शिवाय सगळ्यात लांबच्या पॅनेलच्या फ्रेमपासून अर्थ पट्टीपर्यंत जोड कुठे तुटलेला नाही ना, तेही. जुलैत मोजलं की आकडा छानच येतो, काळी माती ओली असते. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, रॉडपासून सुटते. तेव्हाचा आकडा खरा. पिटात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) घाला आणि उन्हाळ्यात पाणी द्या. साताऱ्याकडे मुरूम-खडकात तर हे आणखी अवघड जातं.

बी-१०१ : इन्व्हर्टर पार्किंगमध्ये दाखवलाय. २०१९ ला तिथं पुराचं पाणी आलं होतं.

बी-३०२ : अगदी बरोबर काकू, हे माझ्याकडून राहून गेलं असतं. इन्व्हर्टर आणि एसी-डीसीचे दोन्ही डीबी (स्विचचे डबे) जिन्याच्या वरच्या खोलीत घ्या.

ए-१०४ : खर्च किती वाढेल?

बी-३०२ : दादा, नक्की आकडा ठेकेदारच देईल. वॉशर, पट्टी, लग, आरसीसीबी एवढंच वाढतं. खर्च कमी करायचा असेल तर पॅनेल एखादं कमी घ्या, पण हे काढू नका. गच्चीवर मुलं खेळतात.

सचिव : ताई, तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं ठेकेदाराला पाठवतोय. मोजणीचा कागद हातात आल्यावरच शेवटचा हप्ता, हेही घालतो. रविवारी तुम्ही या.

बी-३०२ : येते. आणि एक विनंती, कपडे वाळत घालायच्या तारा त्या स्ट्रक्चरला बांधायच्या नाहीत. आधीच दोन जणींनी विचारलंय.

बी-१०१ : माझी तार पाण्याच्या टाकीकडं सरकवते.