अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक: टीव्हीवर जाहिरातदारांचं किती चालतं?

निशिगंध
अध्यक्षपदाच्या उमेदवाराची जाहिरात खोटी असली तरी तिथल्या टीव्ही केंद्राला ती अडवता येत नाही, असं वाचलं. खरं आहे का? बड्या जाहिरातदारांनी दबाव आणला तर? आणि कोणी किती पैसा ओतला हे बाहेरच्या माणसाला तपासता येतं का? जाणकारांनी सांगावं.

काठावरचा
खरं आहे, पण फक्त उमेदवारापुरतं. १९३४च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३१५ बघा. जाहिरात उमेदवाराची असेल आणि तीत त्याचा चेहरा किंवा आवाज ओळखू येत असेल, तर केंद्राला काटछाट करता येत नाही. म्हणूनच १९५९ साली सुप्रीम कोर्टाने अशा मजकुरासाठी केंद्रावर बदनामीचा दावा चालणार नाही, असा निकाल दिला. सर्वसाधारण निवडणुकीआधीचे ६० दिवस आणि प्रायमरीआधीचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधीचे) ४५ दिवस उमेदवाराला सर्वांत कमी दर द्यावा लागतो.

सुपर पॅकला, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर अमर्याद पैसा खर्च करणाऱ्या गटांना, यातलं काहीच मिळत नाही. त्यांची जाहिरात केंद्र नाकारू शकतं, मजकुराची जबाबदारी केंद्रावर येते आणि दर बाजारभावाने लागतो. त्यामुळे तेवढ्याच पैशात उमेदवाराला जास्त स्लॉट (जाहिरातीच्या वेळा) मिळतात. 'सुपर पॅककडे इतका पैसा' अशा बातम्या वाचताना हा फरक हमखास सुटतो.

मेघमल्हार
एक पुरवणी. केबल वाहिन्यांना उमेदवाराला वेळ देणं बंधनकारक नाही. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये सीएनएनने ट्रम्प यांच्या प्रचाराची जाहिरात नाकारली, ती याच मोकळिकीमुळे.

प्रायोजकांचा प्रभाव मला जाहिरातींपेक्षा कार्यक्रमांत जास्त दिसतो. १९५२ची पक्ष अधिवेशनं सीबीएस या टीव्ही नेटवर्कवर वेस्टिंगहाउस या विद्युत उपकरणांच्या कंपनीने प्रायोजित केली होती. मध्येमध्ये बेटी फर्नेस फ्रिज दाखवायच्या. १९६०च्या केनेडी-निक्सन वादचर्चेत मात्र जाहिराती नव्हत्या. त्यासाठी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) समान वेळेचा नियम तात्पुरता स्थगित केला, नाहीतर छोट्या पक्षांच्या उमेदवारांनाही तेवढाच वेळ द्यावा लागला असता. पुढे १९८७ साली स्थापन झालेल्या वादचर्चा आयोगाला कंपन्या देणग्या देत आल्या. अनहायझर-बुश हे त्यातलं ठळक नाव. २०१२ मध्ये फिलिप्सने प्रायोजकत्व काढून घेतलं. २७ जून २०२४ची चर्चा आयोगाऐवजी सीएनएनने घेतली आणि तीत दोनदा जाहिरातींसाठी खंड पडला. हा बदल मला गंभीर वाटतो.

काठावरचा
तपासणीचं राहिलं होतं. एफसीसी या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक केंद्राची 'पब्लिक फाइल' असते. केंद्राचं नाव टाका, 'पॉलिटिकल फाइल्स'मध्ये जा, मग वर्ष, 'फेडरल' आणि अध्यक्षपद निवडा. आत करारपत्र, ऑर्डर आणि बिलं सापडतील.

चुका होतात त्या बेरजेत. ऑर्डर म्हणजे प्रसारण नव्हे: स्लॉट रद्द होतात, बदली स्लॉट मिळतात, सुधारित ऑर्डर पुन्हा चढते. सगळ्या ऑर्डर जोडल्या तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. म्हणून बिलंच धरा. बिलावरच्या 'ग्रॉस' आकड्यात एजन्सीचं कमिशन असतं, बहुतेकदा १५ टक्के. केंद्राच्या हाती पडतो तो 'नेट'.

निशिगंध
आणि स्ट्रीमिंगवरच्या जाहिराती?

मेघमल्हार
त्या या फायलीत येत नाहीत. फेडरल इलेक्शन कमिशन, म्हणजे प्रचारखर्चाचे हिशेब ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडच्या खर्चाच्या अहवालात शोधा. पण तिथे बहुधा मीडिया एजन्सीला दिलेली ठोक रक्कम दिसते. कुठे, किती वेळा दाखवली हे त्यातून कळत नाही.