छातीचे केस काढल्यावर पुळ्या, मदत हवी आहे

मंडळी, मी वेंगुर्ल्याचा, वय 31. घामाने हैराण होऊन छाती-पाठीवर रेझर फिरवला. चार दिवसांत बारीक लाल पुळ्या, काहींत केस आतच वळलेला दिसतो. त्यात खारं पाणी लागलं की आग आग.

घरात वेगळंच. बाबा म्हणाले, "खयच्या दशावतारात काम गावला तुका?" आमचे आजोबा दशावतारी नाटकांत स्त्रीपार्ट करायचे, हात गुळगुळीत करायचे, त्याला मात्र कला! धाकटा भाऊ तर ट्रिमर मागून नेतो.

तर, केस वाढू देऊन ट्रिमरच वापरू की वॅक्स? पुळ्यांवर काय लावलंत? कुडाळ-सावंतवाडीकडे पुरुषांचं वॅक्स नीट कुठे करतात? पाठीला माझा हात पोचत नाही, आणि बायको हसत सुटते.