सिल्व्हरस्मिथला सोनार म्हणायचं का? आणि ‘ब्रुक’ला मराठीत काय?

उत्तरवारा:
नमस्कार मंडळी. मी स्वीडनमध्ये वेस्तेरोसला असते. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना जवळच्या सुराहाम्मरला नेलं, रेल्वेची चाकं बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेलं जुनं गाव आहे. त्यावर दिवाळी अंकासाठी लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडलीय. माणूस आहे आडोल्फ सेतेलियस, जन्म १७८१, स्टॉकहोमचा, चांदीची भांडी घडवणारा. बाप पेर सेतेलियसही याच धंद्यातला, दोघांची चांदीची भांडी आजही लोक शोधून शोधून विकत घेतात. या आडोल्फने १८२९ साली तोर्शेलाजवळ न्यूबी इथे लोखंडाचा कारखाना काढला, पुढे सुराहाम्मरही या घराण्याकडे आलं. मी लिहिलं, ‘स्टॉकहोमचा सोनार पुढे कारखानदार झाला’. आई म्हणाली, अगं चांदीचे चमचे नि साखरदाण्या घडवणारा सोनार कसा? मग काय लिहू? आणि कारखान्याला तिकडे ‘ब्रुक’ म्हणतात, मालकाला ‘ब्रुक्सपात्रून’. नुसतं कारखानदार म्हटलं की त्यातलं निम्मं हरवतं.

शुद्धमती:
रौप्यकार. सुवर्णकार, लोहकार, कुंभकार तसा रौप्यकार. शब्द तयार आहे, अर्थ लगेच कळतो, मग सोनारावर ओढाताण कशाला?

मूसवाला:
ताई, आम्ही हुपरीकडचे, तीन पिढ्या चांदीत. एकाही माणसाच्या तोंडून रौप्यकार ऐकलं नाही. चांदीवाले म्हणतात, चांदीचे कारागीर म्हणतात. आणि पैंजण करणारा वेगळा, भांडं घडवणारा वेगळा. माझे आजोबा वाट्या घडवायचे. पत्र्याची गोल चकती घ्यायची, लाकडाच्या खळग्यावर ठेवून मधून कडेकडे ठोकत जायचं, दोन-चार फेरे झाले की चांदी ताठ होते, हातोडीचा आवाजच बदलतो, टणटण येतो. तेव्हा थांबून तापवून परत नरम करायची, नाही केली की काठाला चीर गेलीच. आवाज ओळखता आला तो कारागीर. तुमच्या स्वीडनच्या माणसालाही हे यावं लागलंच असणार. तिकडच्या चांदीचा टंच काय असतो?

उत्तरवारा:
@मूसवाला, किती छान सांगितलंत, हे लेखात घेऊ का? टंच साधारण ८३, म्हणजे शंभरात ८३ भाग चांदी. त्यांच्याकडे मागे ठसे असतात, घडवणाऱ्याचं नाव, शहराची खूण (स्टॉकहोमची म्हणजे राजमुकुट घातलेलं संत एरिकचं डोकं), तीन मुकुटांचा सरकारी ठसा, त्याला लोक ‘मांजराचं पाऊल’ म्हणतात, आणि १७५९ पासून देशभर वर्षाचं अक्षर. त्यामुळे भांडं कुठल्या साली झालं ते नुसतं उलटं करून कळतं.

पेठकर:
पण मूळ प्रश्न सोपा आहे की. सोनार हा शब्द आपल्याकडे धातूपुरता कधीच नव्हता. जोडवी, पैंजण, करंडा, निरांजन सगळं सोनाराकडेच करायला टाकतो. स्वीडिशमध्ये काय म्हणतात?

उत्तरवारा:
तीच तर गंमत! रोजच्या भाषेत ‘सिल्वेरस्मेद’ आहे, पण त्या काळी स्टॉकहोममधल्या या कारागिरांच्या संघाचं नाव ‘गुल्डस्मेद’ म्हणजे सोनारांचंच. आयुष्यभर चांदी ठोकणारा माणूसही कागदोपत्री सोनारच.

पेठकर:
मग झालं. सोनार लिहा, आईंना हे सांगा.

शुद्धमती:
झालं कसं? तिथल्या संघाचं नाव त्यांच्या इतिहासातून आलं, वाचणारा मराठी आहे. त्याला सोनार म्हटलं की सोनंच दिसणार. आणि ‘कारखानदार’सुद्धा पूर्ण फारसी. लोहनिर्माता का नको?

वाडीवरचा:
कारखाना परका? बारा महाल अठरा कारखाने शिवाजी महाराजांच्या राज्यात होते, गडावर कारखानीस होता, त्यावरून आडनाव आलं. तेव्हा कारखाना म्हणजे कोठार, खातं, आता म्हणजे यंत्रं. एवढं वय झालेल्या शब्दाला अजून दारात उभं ठेवायचं असेल तर मला खरंच वाईट वाटतं.
उत्तरवारा ताई, ब्रुक म्हणजे नक्की काय काय येतं त्यात?

उत्तरवारा:
भट्टी, पाण्यावर चालणारा घण, कामगारांच्या घरांच्या रांगा, मालकाचा वाडा, दुकान, बऱ्याच ठिकाणी शाळा आणि चर्चसुद्धा. मजुरीतली बरीचशी वस्तूंच्या रूपात मिळायची, धान्य वगैरे. पात्रून म्हणजे या सगळ्यांचा धनी. आणि एक, ‘ब्रुक’चा दुसरा अर्थ आहे वापर, वहिवाट! भाषेतल्या वापराला ‘स्प्रोकब्रुक’ म्हणतात.

वाडीवरचा:
मग ब्रुकला ‘वाडी’ म्हणा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना आणि वस्ती एकत्र वसवली ती किर्लोस्करवाडीच ना. वाडीचा धनी, किती सरळ.

शुद्धमती:
वाडी म्हटलं की नारळी-पोफळी दिसते हो, निदान आम्हा कोकणातल्यांना.

भट्टीकाठी:
मी फाउंड्रीत बावीस वर्षं होतो, मध्येच एक शंका. ताई, न्यूबीला पडलिंग, म्हणजे बिडाचं घडवता येणारं लोखंड करायचे ना? हेन्री कॉर्टची पद्धत, १७८४ ची. कोळसा एकीकडे जळतो, ज्योत वरून फिरते, आणि वितळलेलं बीड माणूस लांब सळईने ढवळत बसतो. त्यातला कार्बन जळतो तसं ते दाटत जातं, शेवटी गोळा होतो, तो घणाखाली घालून मग लाटायचा. याला मराठी पुस्तकात ‘आलोडन’ वाचलं होतं, माझ्या तर जिभेवर बसेना. आमच्या आईचं पिठलं आठवा, पळी जड होत जाते आणि हात थांबला की गुठळी. ‘घाटणं’ म्हणा. घाटलेलं लोखंड.

मूसवाला:
क्या बात है! घाटणं. लाटणं तर आमच्याकडेही आहेच, रोलरमधून पत्रा लाटतात. चांदीतून लोखंडात जाणाऱ्याला ते काम अगदीच नवखं नसणार.

शुद्धमती:
घाटणं मला पटलं. मनापासून पटलं. पण बीड म्हणजे ओतीव लोखंड, बिडाचा तवा असतो तो, भट्टीतल्या कच्च्या रसाला बीड कसं म्हणता?

भट्टीकाठी:
आम्ही म्हणायचो. कच्चं बीड.

मांडवीकाठ:
गोव्यातून. पोलादाला आमच्याकडे ‘तिखें’ म्हणतात, जुन्या मराठीतही आहे. कोयत्याला तिखें घालून आण, असं आजी सांगायची, म्हणजे धारेला पोलादाची पट्टी जोडून आण. पोलाद फारसी म्हणून नको असेल तर हा घ्या. तिखट, तीक्ष्ण यातलाच असणार तो.

वाडीवरचा:
आमच्याकडे कुऱ्हाडीला ‘पाणी दे’ म्हणतात, तिखें नाही ऐकलं.

मांडवीकाठ:
पाणी देणं वेगळं हो. ते तापवून बुडवणं. तिखें घालणं म्हणजे नवा धातू जोडणं. दोन्ही झाल्याशिवाय आजी लोहाराला पैसे देत नसे.

उत्तरवारा:
मंडळी, अंक शनिवारी छपाईला जातोय. सोनार की चांदीचा कारागीर?

भट्टीकाठी:
@मांडवीकाठ, जोडताना सांध्यावर काय टाकायचे, टाकणखार की वाळू?