२००५ला शिकलेलं २०१९ला कुणालाच कसं माहीत नव्हतं? ग्रंथपालांनी लिहायलाच हवं

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

मी कृष्णाकाठच्या एका गावात 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावर चार दिवस कमरेइतकं पाणी होतं. ओसरल्यावर गावातली पोरं मदतीला आली. पुस्तकं बाहेर काढली आणि शाळेच्या गच्चीवर पसरली. नेमकं कडक ऊन पडलं होतं, आम्हाला हायसं वाटलं.

दोन दिवसांत कादंबऱ्यांचे पुठ्ठे धनुष्यासारखे वाकले, पाठीची खळ तडकली. गुळगुळीत आर्ट पेपरवरची मुलांची चित्रमय पुस्तकं होती, त्यांच्या तर विटा झाल्या. पात्यानंसुद्धा पानं सुटेनात. आमचा जांभळा शिक्का फुटून पानापानांत उतरला होता.

महिन्याभरानं शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त ग्रंथपाल भेटायला आले. त्यातली एक वीट हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "आर्ट पेपर ओला असतानाच पानं सुटी करायची आणि मध्ये कोरा कागद घालायचा. वाळला की संपलं. छापील रद्दी घालायची नाही, शाई उतरते. आणि ऊन नाही द्यायचं, सावलीत पंखे लावायचे." हे त्यांना २००५च्या पुरात कळलं होतं, स्वतःची पुस्तकं गमावून. मी विचारलं, सर, हे कुठे लिहून ठेवलंय का? म्हणाले, "कुणी विचारलंच नाही."

चौदा वर्षं हे ज्ञान पंचवीस किलोमीटरवर बसून होतं. माझं म्हणणं एवढंच, की आपण प्रत्येकानं आपल्या कामातलं, चुकांसकट, मराठीत लिहून दुसऱ्या ग्रंथपालापर्यंत पोचवलं पाहिजे. वार्षिक अहवालात आम्ही काय लिहिलं? "पुरात ग्रंथांचे नुकसान झाले, निर्लेखनाचा (नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव सादर." हे वाचून पुढचा माणूस काय शिकणार?

अर्धवेळ

ताई, तुमचं दुःख समजतं, पण मी पूर्ण असहमत आहे. मी 'ड' वर्गात, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयात, एकटा आहे. कुलूप मी उघडतो, झाडू मी मारतो, देवघेव मी करतो, तपासणीची कागदपत्रंही मीच भरतो. अनुदानाचा हप्ता येईपर्यंत उधारीवर दिवस काढायचे. १९६७चा ग्रंथालय कायदा झाला त्याला अर्धशतक उलटलं, तरी सार्वजनिक ग्रंथालयातल्या माणसाला वेतनश्रेणी नाही. अशा माणसाला तुम्ही म्हणता, रात्री घरी जाऊन अनुभव लिही?

ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात दोन दिवस मिळतात. ते पगारावरच खर्च झाले पाहिजेत. पोट भरलेल्याला लिहिणं सुचतं.

कृष्णाकाठ

पगाराचा मुद्दा एक अक्षरही खोटा नाही. पण अधिवेशनाच्या मांडवात जेवणाच्या रांगेत आपण काय बोलतो ते आठवा. कसर कशानं गेली, कुठला बाइंडर बरा, मुदत उलटलेली पुस्तकं परत कशी आणली. खरं शिक्षण तिथेच होतं, आणि पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातं. मला ते कागदावर हवंय.

तालिका

मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे, आमच्याकडची गोष्ट सांगते. आमच्याकडे लिहिण्याचा तुटवडा नाही. २०१०मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले आणि आम्ही सगळे शोधनिबंध लिहायला लागलो. सगळे इंग्रजीत, आणि बहुतेक एकाच साच्याचे: 'अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ई-साधनांचा वापर'. प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष. तालुक्यातल्या एकाही ग्रंथपालानं ते वाचलेले नाहीत, आणि वाचण्यासारखं त्यात फारसं नसतंच.

आणि जे विचारायला हवं ते कुणी विचारत नाही. साधा प्रश्न: ज्ञानेश्वरी कुठे ठेवता? ड्युईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ला, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ला? आमच्याकडे धर्मात आहे. पलीकडच्या कॉलेजात साहित्यात. तिकडून बदलून आलेला विद्यार्थी आमच्या साहित्याच्या कपाटापुढे उभा राहतो आणि "इथे ज्ञानेश्वरी नाही" म्हणून परत जातो. हा प्रश्न अमेरिकेतला कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही. त्यामुळे मराठीत लिहा याला माझा पाठिंबा.

पण 'प्रत्येकानं लिहावं' याला माझा ठाम विरोध आहे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी फाटक्या पोथ्या चिकटपट्टीनं कशा जोडल्या ते उत्साहानं लिहून सगळ्यांना पाठवलं. फोटो छान होते. निदान तीन ठिकाणी लोकांनी तसं केलं. आज त्या पट्टीखालचा कागद तपकिरी झालाय, पट्टी सुटून आलीय आणि डिंक अक्षरांत मुरलाय. हस्तलिखित होतं ते, दुसरी प्रत नाही. एके काळी कपाटांत डीडीटी मारत, तेही कुणाच्या तरी अनुभवावरूनच. न तपासलेला अनुभव छापला की चूकही शंभर ठिकाणी जाते.

सयाजीनगर

मी निवृत्त आहे, बडोद्यात शिकलो. एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात गावोगावी ग्रंथालयं, फिरत्या पेट्या सुरू केल्या. हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण १९१२मध्ये बडोद्याहून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक निघालं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होतं. म्हणजे या देशात ग्रंथपालनाचं नियतकालिक निघालं तेव्हापासून त्यात मराठी होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले ते त्यानंतर बारा वर्षांनी. ते नियतकालिक दहा वर्षंही चाललं नाही.

तालिकाताई, तपासून छापणारं संपादक मंडळ हवं हे मान्य. पण मंडळापुढे यायला आधी कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं. चिकटपट्टीच्या त्या लेखाला कुणी उत्तर लिहिलं का?

तालिका

नाही लिहिलं. मला तेव्हाच कळलं होतं की हे चूक आहे. ते वयानं, मानानं मोठे होते, म्हणून गप्प बसले. हे तुम्ही विचारल्यावर लागलं मला.

देवघेव खिडकी

सगळे पुस्तकांबद्दल बोलताय, वाचकांचं काय? मी एकदा जिल्ह्याच्या मेळाव्यात एक किस्सा सांगितला होता. आमच्याकडे एक आजोबा एकच कादंबरी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा नेत. ती त्यांच्या वारलेल्या पत्नीनं अर्धी वाचून ठेवली होती. मी नाव घेतलं नव्हतं, गावही सांगितलं नव्हतं. सभागृह हेलावलं. पंधरा दिवसांत ते त्यांच्या सुनेपर्यंत पोचलं. आजोबा यायचे बंद झाले. मी घरी गेले माफी मागायला, त्यांनी चहा दिला, पण त्या विषयावर बोलले नाहीत. वाचनालयात परत आले नाहीत ते नाहीतच.

खिडकीतून कोण काय नेतं हे आपल्याला विश्वासानं कळतं. लहान गावात नाव गाळून काही होत नाही. म्हणून मी लिहीत नाही, आणि कुणाला लिही म्हणणारही नाही.

कृष्णाकाठ

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. 'कामातलं सगळं लिहा' असं माझ्या मनात होतं, ते मी मागे घेते. वाचक त्यात नको. पुस्तकं, कपाटं, ओल, वाळवी, वर्गीकरण, हिशेब आणि आपल्या चुका, एवढंच लिहायचं.

आणि तालिकाताईंचंही घेते. पुराबद्दल मी जे लिहीन ते आधी जतनाचं काम शिकलेल्या माणसाला दाखवीन, खाली तारीख घालीन, आणि चूक निघाली तर दुरुस्तीही तिथेच लिहीन. पण थांबणार नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तिथलं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही पाण्यात गेलं. ती बातमी पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा तो आर्ट पेपर आठवला. माझ्याकडे पाठवायला एक पानही लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं हातात होती. आता ते निवृत्त सर गप्प का बसले असं विचारायचा अधिकार मला राहिलेला नाही.

अर्धवेळ

माझा विरोध कायम आहे. फुकटात अजून एक काम आमच्या डोक्यावर नको. संघानं हे करायचं असेल तर एका माणसाला मानधन द्यावं, त्यानं फोन करून आमच्याकडून ऐकावं आणि लिहावं. मी सांगायला कधीही तयार आहे.

तोवर एक लिहून घ्या, कारण पुढचा पावसाळा थांबणार नाही. आमच्याकडेही पाणी आलं होतं. पुस्तकं वरच्या फळ्यांवर चढवली, तीस वर्षांच्या दाखल नोंदवह्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या) मात्र टेबलाच्या खालच्या खणात राहिल्या. शाईच्या पेनानं लिहिलेल्या, सगळं धुऊन गेलं. पुस्तकं वाचली, पण दाखल क्रमांक, किंमत, देणगीदार, काही उरलं नाही. तपासणीला काय दाखवू? त्या खेपेला प्रत्येक पुस्तकावरचा शिक्का बघत पुन्हा पहिल्यापासून वही लिहिली, सात महिने लागले. पहिल्या पानापासून नोंदवहीचे मोबाइलवर फोटो काढा आणि ते वाचनालयाबाहेर, कार्यवाहांच्या घरी ठेवा. मे महिन्यातच करा.