अनुभव धागा : शाळा, घर आणि समुद्र

कोकणकिनाऱ्यावर नोकरी केलेल्या गुरुजींनी, बाईंनी आणि त्यांच्या मुलाबाळांनीही इथे लिहावं. सूर्यास्ताचं वर्णन नको, ते रिसॉर्टवाले करतात. शाळा सुटल्यावर तुम्ही किनाऱ्यावर नक्की काय करत होतात, तेवढं सांगा. सुरुवात मीच करते.

दापोली तालुक्यात मी गणित शिकवलं. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, वर्गात कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. एकदा मागच्या बाकावरच्या कोळ्याच्या पोराने मलाच विचारलं, "बाई, आज तिथी कुठली?" म्हटलं, पंचमी. "मग पावणेचारला भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे त्याला आजोबांनी शिकवलेलं. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा येतो, म्हणून हा हिशेब जवळपास जमतो. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात तारखेशेजारी तिथी लिहायला लागले. आमच्या घरालाही त्याचा फायदा झालाच! पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला, आणि पाणीही सगळ्यात लांब हटतं. शाळा सुटली की मी, हे आणि दोन्ही मुली टोपली घेऊन तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला.

— मी मूळचा लातूरकडचा, पहिली नेमणूक मालवण तालुक्यात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावला की वाट्याला मासळी येते, हे कळल्यावर रविवारी दोराला लागलो. हाताला फोड आले. पोरं कडेला उभी राहून शिकवायची, "गुरुजी, ह्यो पेडवो, ह्यो तारलो." फरक मला आजही सांगता येत नाही. घरी सौभाग्यवती माळकरी, त्यामुळे वाटा थेट शेजारच्या काकींकडे. त्या बदल्यात सोलकढी मिळायची. सौदा वाईट नव्हता.

— उभी नोकरी किनाऱ्यावर गेली, पोहायला आलं नाही. विद्यार्थी अजून हसतात.

— आई शिक्षिका, बाबा रत्नागिरीला, आणि आईची बदली कायम दुसऱ्या टोकाला. पती-पत्नी एकत्रीकरणाचे अर्ज आमच्या घरी दिवाळीच्या फराळाइतके नियमित व्हायचे. शनिवारी सकाळची शाळा उरकून ती एसटीने यायची, पिशवीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. रविवारी आम्ही सुरूच्या बनात. बाबा आणि मी पाण्यात, आई चटईवर तपासत बसलेली, गठ्ठ्यावर बाबांची चप्पल ठेवून. वाऱ्याने एखादा पेपर सुटला की धावायचं काम माझं. एकदा एक पेपर भिजला. आईने तो घरी तव्यावर सुकवला आणि मग तपासला. त्या मुलाला बहुतेक पस्तीसच पडले.

— वेळासजवळची शाळा. कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती पूर्वी गावात चोरून खाल्ली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संरक्षण सुरू केलं, आणि मग आमचीच पोरं घरी जाऊन मोठ्यांना दटावू लागली. आता पुण्याचा जावई दर मार्चमध्ये पिल्लं बघायला येतो. उतरतो आमच्याकडेच, आणि पहाटे त्याला हलवून हलवून उठवायचं काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलंय.