मदत हवी आहे: पत्री सरकारच्या न्यायनिवाड्यांचे कागद कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी प्रतिसरकारवर, म्हणजे ४२ च्या चळवळीत साताऱ्याकडं इंग्रजांना समांतर चाललेल्या आणि लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झालेल्या सरकारवर, एक पुस्तिका लिहितोय. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. १९३० ला त्यांनी तलाठ्याची नोकरी सोडली, ४२ नंतर भूमिगत राहून गावोगाव न्यायमंडळं उभी केली, कमी खर्चात गांधी लग्नं लावली. ४३ साली शेणोलीला रेल्वे लुटली गेली. हे इकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

माझी गाडी अडलीय ती घरातच. वडिलांचे वडील प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचे, तुफान सेनेचे निरोप पोचवायचे. त्याच सुमारास आईकडच्या पणजोबांना मात्र प्रतिसरकारनं शिक्षा केली. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. ती सांगते, "नाल-बिल काय ठोकली न्हाई. बाभळीच्या काठीनं तळवं फोडलं. म्हैनाभर बाबा गुडघ्यावर सरकत परसाकडं जायचं. आई हळद-तेल गरम करून लावायची, तवा आमाला भाईर काढायची."

'पत्री' म्हणजे बैलासारखी पायाला पत्री ठोकायचे, असं बरेच जण अजून सांगतात. मला आतापर्यंत जे सापडलं त्यात तळव्यांवरचा मारच दिसतो. पण पणजोबांना मारलं कशासाठी? एक म्हातारे म्हणतात, पोलिसांना खबर दिली. दुसरे म्हणतात, सावकारी. आजीच्या मते बांधावरून भावकीत तंटा होता आणि भाऊबंदांनी त्यांचं नाव घातलं. खरं काय, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

सावकार, गावगुंड आणि खबऱ्यांच्या जाचातून गोरगरिबांना प्रतिसरकारनं सोडवलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नाना पाटलांबद्दलचा आदर होता तेवढाच आहे. तरी आरोपीचं म्हणणं ऐकलं जायचं का, पुरावा कोण तपासायचं, निकालावर दाद मागता यायची का, हे पुस्तिकेत यायलाच हवं. ते वगळून नुसता पोवाडा लिहायला माझा हात चालत नाही. गावातली काही वडीलधारी माणसं यावरून नाराज आहेत. "कशाला उकरतोस?" म्हणतात.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. न्यायमंडळांच्या निवाड्यांच्या वह्या, चिठ्ठ्या कुणाच्या पाहण्यात आल्यात का? भूमिगतांनी असे कागद जाळले असतील, हे कळतं. पण एखाद्या घरात माळ्यावर काही राहिलंही असेल. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल गाव तेव्हा औंध संस्थानात होतं, त्यामुळे संस्थानी दप्तरातही नोंदी असाव्यात असं वाटतं. ते दप्तर आता कुठं बघायला मिळतं? मुंबईच्या पुराभिलेखागारात ४३ ते ४६ च्या गृहखात्याच्या फायली कुणी चाळल्यात का? पोलिसांच्या लेखी हे सगळे दरोडेखोरच असणार, म्हणून तो कागद कितपत धरायचा, हेही कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

आणखी एक. शिक्षा झालेल्यांची नातवंडं आजही त्याच गल्लीत राहतात. अशांची नावं छापावीत का? आजीला विचारलं तर म्हणाली, "माज्या बाबाचं घाल. पर कशापायी मारलं ते कळल्याबिगर नगं."

दिवाळीनंतर दोन दिवस मुंबईला जातोय. तिथं आधी नेमकं काय मागायचं, एवढं कळलं तरी खूप मदत होईल.