बोल्ड म्हणजे जाड, ठळक की ठसठशीत?

दांडियाबाजारकर:
मावसबहिणीच्या पोळीभाजी केंद्राची पाटी करून घेतोय, इथे बडोद्यात. फॉन्ट भौमितिक हवाय, वर्तुळ आणि सरळ रेघांचा, चांगला दणदणीत. तीच अक्षरं डब्यावर आणि पिशवीवरही यायची आहेत. पेंटरला 'बोल्ड' म्हटलं की कळतं, मलाच मराठीत सांगता येईना. 'जाड' म्हणालो तर बहीण म्हणाली, "जाड मी आहे, अक्षर ठळक म्हण." या दोन्हींत फरक आहे का? आणि 'डिस्प्ले फॉन्ट'ला, म्हणजे पाटी-मथळ्यांच्या मोठ्या अक्षरांसाठीच्या फॉन्टला, काय म्हणावं?

खिळेजुळारी:
आहे तर! जाडी रेघेची असते, ठळकपणा शेजाऱ्यांवर अवलंबून. मोकळ्या भिंतीवर बारीक अक्षरही ठळक दिसतं, आणि सगळं पान जाड टाइपात छापलं तर काहीच ठळक उरत नाही. आकाशवाणीवरच्या 'ठळक बातम्या' कुणी जाड आवाजात वाचत नाही. डिस्प्लेला 'दर्शनी' म्हणा, दर्शनी भाग म्हणतो तसं.

इंदूरची माहेरवाशीण:
आमच्याकडे हिंदीच्या संगतीने सर्रास 'मोटे अक्षर'. पण आजीचा शब्द 'ठसठशीत', कुंकवालाही आणि अक्षरालाही. त्यात जाडी आहेच, शिवाय कड स्वच्छ हवी. पसरट, फुटलेलं कुंकू कितीही मोठं असो, ठसठशीत नव्हे. भौमितिक बोल्डला मला हाच शब्द पटतो. बघा, ठ स्वतःच केवढा गोल!

खिळेजुळारी:
ठ, ट यांना वर्तुळ मानवतं. क्ष, ज्ञ जाड केले की पोटं बुजतात. नुसत्या कंपासवर अक्षर होत नाही. पाउल रेनरच्या १९२७ च्या फुटुरा या भौमितिक रोमन फॉन्टातही रेघा जिथे जुळतात तिथे हळूच बारीक केल्यात, नाहीतर तिथे काळा डाग दिसला असता. तयार हवा असेल तर २०१४ चा पॉपिन्स पाहा, भौमितिक घडणीचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही, फुकट.

दांडियाबाजारकर:
पॉपिन्स छापून दिला होता हो. पण पेंटरचा हात गुजरातीत मुरलेला, तिथे शिरोरेघेचा प्रश्नच नाही. त्याने आधी सगळी अक्षरं काढली आणि शेवटी पट्टी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच जाड रेघ ओढली. भ च्या डोक्यावरची खाच बुजली, गाठ रेघेत गडप. पाटी आता 'पोळीमाजी केंद्र' अशी वाचली जाते.

इंदूरची माहेरवाशीण:
माजी पोळी! धिरडी लिहू नका त्याच्याकडून, घिरडी होतील.

दांडियाबाजारकर:
कालच एक आजोबा विचारून गेले, "बंद केलं का हो?" आज खाचेपुरता पार्श्वभूमीचा पिवळा रंग लावून रेघ तोडली, गाठ मोकळी केली. पाटी ठसठशीत आहे, हे मात्र आजोबांनीही मानलं.